सहा जणांत एक जोड

आईशप्पत सांगतो, ही गोष्ट खरी हाय. यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी ही वरची दाढ पडूदे.

"तिथं दाढच नाय काका."

नाय ना? पडली. पण ती दुसऱ्या गोष्टीपायी पडली. ही खरी हाय. म्हणजे अशी खरी का, मी डोळ्यांनी काय बघितलं नाय. होतो तिथंच. गाडी माझीच होती, हीच पिकअप, जिच्या हौद्यात तुमी सहा जणं आता दाटीवाटीनं बसलायत. पण नेमक्या टायमाला मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलो होतो. तर मी सांगतोय ते भगीरथनं मला सांगितलेलं. आणि भगीरथ खोटं बोलत नाय. पोलिसात लागल्यापासनंचं मला ठाऊक नाय, त्याच्या आधी नाय बोलायचा.

"बारकूकाका, उद्या रातभर पळायचंय. झोपूद्या ना."

झोप गो रंजिता, तुला कोणी धरलंय? पण उद्या तुमी जी रिले पळणार, खर्डी ते मुरबाड, सहा जणं, सहा टप्पे, तिचीच ही गोष्ट हाय. तुमी आटगावची पोरं, तुमाला कोणी सांगितली नसंल. आमच्या डोळखांबकडच्या पाड्याची टीम होती. नाय ऐकायची तर नको ऐकू.

...बसली. बरं.

एक अट हाय. हा दातांचा ब्रश मी इथं फाळक्यावर ठेवतो. कशाला, ते शेवटी कळंल. गोष्ट जराशी घाण हाय. मधी कोणी 'शी' बोल्लं का ब्रश त्याचा.

"वापरलेला हाय?"

वापरलेला हाय. दातांना नाय.

तर आमच्या पाड्यात गोमा होता. पळण्यात त्याच्या जवळ जाईल असा कोणी नव्हता, आणि घाणीची किळस करण्यात पण नव्हता. सोताच्या बाटलीला दुसऱ्याचं तोंड लागू द्यायचा नाय. मुंबईला दोन महिने कामाला जाऊन त्यानं पळायचे शूज घेतले, आठ नंबर, पांढरे. रोज पळून आला का पयले शूज धुवायचा. जुन्या दातांच्या ब्रशनं, तळाच्या खाचांपर्यंत. मग नाड्या काढून, कुंपणाच्या दोन काठ्यांवर उलटे लावायचा, टाचा आभाळाकडं. घालताना डबल गाठ मारायचा आणि गाठीची टोकं आत खोचायचा. कोणी थुंकलं, कोणी नाक शिंकरलं, का हा नाकातनं बोलायचा, "शीऽऽ..." टायरमधली हवा जाते ना, तसं. लांब.

"काका, तुमी बोल्लात."

मी गोष्ट सांगतोय रे ओमकार. मला लागू नाय.

असा माणूस गेला कशानं? काविळीनं. घाण पाण्यानं. साल दोन हजार तेवीस, सप्टेंबरमधी.

बाराव्याला त्याचं सामान नदीवर सोडायला मीच गाडी नेली. साधं काम होतं. त्याची चादर, ताट, कपडे, शूज, शूजमधी खोचलेला तो ब्रश. काठावर ठेवायचं आणि परत यायचं. मागं वळून बघायचं नाय, अशी आमच्याकडं पद्धत. माझ्यासोबत भगीरथ होता आणि हनुमान होता. हनुमान म्हणजे आमच्या टीमचा कॅप्टन. आमी ठेवलं, वळलो, चाललो. दहा पावलं गेलो आणि हनुमान थांबला.

वळला.

"अरे, चार हजाराचे शूज हायेत ते," बोल्ला. "आणि ह्याला आता पळायचंय कुठं?"

गेला, उचलून घेऊन आला. ब्रश तिथंच टाकला. भगीरथ बोल्ला, "हनमा, ठेव परत." पण बोलून गप झाला. का गप झाला ते सांगतो.

डिसेंबरमधी ही रिले होती. तिचा एक नियम हाय, उद्या तुमाला पण सांगतील. पायात शूज पायजेत. अनवाणी नाय, स्लीपर नाय. वाटेत काच लागली तर नसता ताप, म्हणून अनवाणी दिसला का सगळी टीम बाद. आणि बक्षीस काय? पयल्या तीन टीमला सहा-सहा जोड नवे शूज. आता मजा बघा. शूज जिंकायला शूज पायजेत, आणि आमच्या सगळ्या टीमकडं मिळून एक जोड नाय. सगळे स्लीपरवाले. भगीरथला तर जानेवारीत पोलीसभरती होती. सोळाशे मीटरला आधी दोनदा चार-चार सेकंदांनी राहिला होता, दोनदा उसन्या, फाटक्या कॅनव्हासमधी पळून. ही तिसरी, तिच्या पुढं वय निघून जाणार होतं. त्याला ते शूज पायजे होते. कसे पण.

म्हणून हनुमाननं आयडिया काढली. एकच जोड, सहा जणं. बाकीच्या टीम हातात काठी देतात ना टप्पा बदलताना? आमी काठी पण द्यायची आणि शूज पण. येणाऱ्यानं काढायचे, जाणाऱ्यानं घालायचे. मोजे कोणाकडंच नाय.

काय झालं आदेश? तोंड का वाकडं केलंस? अजून सुरुवात पण नाय झाली.

तेवीस डिसेंबर. शनिवार. रात्री दहाला खर्डीवरनं एकतीस टीम सुटल्या.

पयला टप्पा साईनाथचा, खर्डी ते आटगाव. साईनाथच्या तळपायाला घाम येतो. घाम म्हणजे, त्याच्या स्लीपर वाळत घालाव्या लागतात. त्याचा पाय सात नंबर, म्हणून त्यानं शूजच्या पुढं कापूस कोंबलेला. आटगावला आला, शूज काढले, चप्प असा आवाज झाला. कापूस आतच राहिला. भिजून त्याचा गोळा झाला होता.

दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला दोघं भाऊ होते. त्यांची नावं सांगत नाय, थोरल्याचं लग्न जमतंय. थोरला आटगाव ते शहापूर पळाला. त्याच्या टाचेला फोड आलेला, तो फुटला. वर लावलेली चिकटपट्टी आत सुटली. शहापूरला हनुमाननं पाय घातला आणि बाहेर काढून बघितला, तर ती पट्टी ह्याच्या अंगठ्याला चिकटलेली. त्यानं झटकली. ती गेली नाय. मग तशीच घेऊन पळाला.

"शि..."

ओमकार?

"शिंक आली काका."

बरं. शिंक हाय.

हनुमान. कॅप्टन. आमी सांगून दमलो का पळायच्या आधी जेवू नको. ह्यानं कोंबडीचा रस्सा आणि भात, दोन ताटं. शहापूर सोडून चार किलोमीटरवर सगळं परत आलं. वाकला, पण पळता पळता वाकला, तर कुठं पडणार? शूजमधी. मधल्या नाक्यावर त्यानं ते काढले तेवा नाडीच्या भोकांत भाताची शितं अडकलेली. धाकटा भाऊ रडायला लागला. खरंच रडला. हनुमान बोल्ला, "बाई हायेस का? घाल." तिकडं बाकीच्या टीम पुढं चाललेल्या. घातले. किन्हवलीच्या अलीकडं रस्त्यावर घूस मेलेली पडली होती, चांगली फुगलेली. त्याचा उजवा पाय तिच्यावर पडला.

फुटली.

आदेश, गिळ. गिळ ते. थुंकायचं नाय माझ्या गाडीत.

तर असे ते शूज किन्हवलीला भगीरथच्या हातात आले. आमी सातवे होतो. शूज तीन टीमलाच मिळणार. सगळ्यात लांब टप्पा त्याचा, किन्हवली ते सरळगाव. हनुमान लांब उभं राहून बोल्ला, "भग्या, डोळे मिट न् घाल." भगीरथनं डोळे मिटले. पाय आत घातला. आत गरम होतं, पेजेसारखं. पाय जसा आत गेला, तसं बाजूनं वर आलं... आणि घोट्यावर बसलं.

आमी पिकअप घेऊन पुढं सरळगावला गेलो, मागनं गाडी न्यायला परवानगी नव्हती. मी झोपलो. इथून पुढचं भगीरथचं.

किन्हवली सोडली तेवा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चांदणं चांगलं होतं, म्हणजे नीट दिसलं नाय असं बोलायची सोय नाय. दुकानं संपली, दिवे संपले. दोन्हीकडं कापलेली भाताची खाचरं. पुढं कोण दिसत नाय, मागं कोण दिसत नाय. आवाज एकच, त्याच्या पायातला.

पचक. पचक. पचक.

वास एवढा का तोंडानं श्वास घ्यावा तर चव येत होती. तरी पळत होता. डोक्यात एकच, चार सेकंद. चार सेकंद.

मग वास बदलला.

चांगला वास आला. निरम्याचा. धुतलेल्या कपड्यांचा. आजूबाजूला घर नाय, मोरी नाय, दोरी नाय. एवढ्या घाणीत एकदम स्वच्छ वास. भगीरथ बोल्ला, काका, त्या घुशीची भीती नाय वाटली, त्या निरम्याची वाटली.

पचक. पचक. आणि मधी...

थप.

कोरडा पाय. अनवाणी. त्याच्या बाजूला.

त्यानं बघितलं नाय.

उजवी नाडी सुटली. तो थांबला, बांधली, पळाला. शंभर पावलं. परत सुटली. परत बांधली, आवळून. हात सगळे चिकट. पळाला. नदीचा पूल आला. पुलाच्या मधोमध दोन्ही नाड्या एकदम सुटल्या.

तो खाली वाकला.

नाडीवर बोटं होती.

त्याची नाय.

पांढरी बोटं. पाण्यात खूप वेळ राहिल्यावर होतात ना, तशी. सुरकुतलेली. नखं कापलेली. एकसारखी. नखात एक कण मळ नाय.

मनगटाच्या मागं काय होतं?... त्यानं बघितलं नाय.

कानाजवळ आवाज आला.

"शीऽऽ..."

...

थांबा. पाणी पितो.

...

बोटांनी टाच धरली आणि शूज ओढायला घेतला. हळू. दोन बोटांत धरून, जशी आपण मेलेली पाल उचलतो. भगीरथ मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी शूज धरला. म्हणजे रात्री दोन वाजता पुलावर बसून हा एक जिवंत माणूस एका मेलेल्या माणसाशी ओढाताण करतोय, आणि कशावरनं? ज्याच्यात कापूस हाय, पट्टी हाय, रस्साभात हाय, घूस हाय, त्याच्यावरनं. पळून गेला असता तर सुटला असता. पण शूज गेला का टीम बाद. टीम बाद म्हणजे भरती बाद.

"गोमा," तो बोल्ला. "गोमा दादा. नको नेऊ. मला भरती हाय."

ओढ कमी नाय झाली.

"सरळगावपर्यंत... मुरबाडपर्यंत राहूदे. मग तुझे तुला देतो. धुवून देतो. ब्रशनं. तू धुवायचास तसे. आईशप्पत."

सगळं गप झालं.

पाण्याचा आवाज नाय. किड्यांचा नाय.

मग नाडी हलली. आपणहून. घट्ट झाली... अजून घट्ट. डबल गाठ. आणि गाठीची टोकं... एक एक करून... आत गेली.

भगीरथ उठला आणि जो पळाला, तो सरळगावला आल्यावरच थांबला. चार टीमला मागं टाकलं. आमी तिसरे. त्या चारातला एक मुरबाडचा पोरगा नंतर मला भेटला. बोल्ला, "काका, तुमच्या टीमनं चीटिंग केली. तुमच्याकडनं दोघं पळत होते."

मी बोल्लो, "दुसरा कोण?"

बोल्ला, "ठाऊक नाय. उंच होता. ह्याच्या पायांकडं बघत पळत होता. नाक धरून."

सरळगावला कमळू तयार उभा. शेवटचा टप्पा त्याचा. कमळू खाली बसून गाठ सोडवतोय, गाठ सुटत नाय. दातानं सोडवायला वाकला, वास आला, परत सरळ झाला. तिकडं चौथी टीम दिसायला लागली. भगीरथ आभाळाकडं बघून हळूच बोल्ला, "दादा, सोड. अजून एक हाय." गाठ सुटली. कमळूनं शूज ओढून काढले. त्याचा पाय नऊ नंबर, बोटं दुमडून घातले आणि पळाला. तिसरा नंबर टिकवला.

सहा जोड नवे शूज. खोक्यात, कागदात गुंडाळलेले. पोरं नाचली. मुरबाडला गाडी लावून मी परत झोपलेलो, मला हॉर्न मारून उठवलं, तेवा मला कळलं आमी जिंकलो.

आता चूक ऐका.

हनुमाननं गोमाचे शूज काठीनं उचलले, गोणीत टाकले, गोणी ह्या हौद्याच्या कोपऱ्यात फेकली. रंजिता, तू बसलीस ना, तिथंच. हलू नको, आता नाय तिथं.

भगीरथ बोल्ला, "धुवायचे हायेत ते."

हनुमान बोल्ला, "कोण हात लावणार? वाटेत फेकून दे. आता काय तो बघायला येतोय?"

भगीरथ दमलेला. किळस पण आलेली, खोटं कशाला बोला. बोल्ला, उद्या धुतो. रविवारचा दिवस झोपण्यात गेला. रात्र पण.

सोमवारी पहाटे साईनाथची आई ओरडली. मग हनुमानच्या घरातनं ओरडले. मग कमळूच्या. मी धावलो. प्रत्येकाचे नवे शूज रात्री घरात होते, कोणाचे खोक्यात, कोणाचे फळीवर, कमळूनं तर उशाशी घेतलेले. दारं आतनं बंद. आणि प्रत्येक शूज काठोकाठ भरलेला.

पाणी. काळं. दाट. वर निरम्याचा फेस.

साईनाथच्या शूजमधी कापसाचा गोळा तरंगत होता. थोरल्याच्या शूजमधी पट्टी. धाकट्याच्यात घुशीचे केस. हनुमानच्या दोन्ही शूजमधी शितं, बरोबर निम्मी निम्मी. ज्याचं त्याला. कमळूचं फक्त काळं पाणी, कारण त्यानं बिचाऱ्यानं आत काय सोडलं नव्हतं.

आणि गोमाच्या कुंपणावर, दोन काठ्यांवर, त्याचे शूज. उलटे. टाचा आभाळाकडं. पांढरे, दुकानातनं आणल्यासारखे. थेंब थेंब पाणी गळतंय. गोणी माझ्या गाडीत तशीच, तोंड बांधलेली. रिकामी.

भगीरथ बोल्ला, माझे बघायची हिंमत होत नाय. मी खोकं उघडलं. त्याचे शूज कोरडे. स्वच्छ. डाव्या शूजमधी काय नाय. उजव्या शूजमधी हा ब्रश.

हा. हाच. जो आमी नदीवर टाकून आलेलो.

भगीरथला समजलं. बाकीच्यांना घाण परत मिळाली, ह्याला काम मिळालं. शब्द दिला होता ना. मग दर शनिवारी तो गोमाचे शूज कुंपणावरनं काढायचा, ब्रशनं धुवायचा, परत लावायचा. कोणी घालत नव्हतं. तरी दर शनिवारी तळाला ताजा चिखल असायचा. भरतीत पास झाला, सोळाशे मीटर, तीन सेकंद राखून. ट्रेनिंगला जाताना शूज आणि ब्रश माझ्याकडं देऊन गेला. "काका, मी आल्यावर बघंन. तोवर कोणाकडनं तरी धुवून घ्या. चुकवू नका."

मी धुवत नाय. मला किळस येते. म्हणून मी गोष्ट सांगतो. गेल्या रिलेच्या आदल्या रात्री एका पोरीनं धुतले, ती तिसऱ्या मिनिटालाच 'शी' बोल्ली होती. तेवा वाळवून, पिशवीत घालून, दोन गाठी मारून सीटच्या मागं ठेवले. वर्षभर पिशवी कोणी उघडली नाय. हे बघा, माझ्याच गाठी.

मोबाइलची बत्ती धर ओमकार. जवळ आण.

...

बघितलं?

हात नको लावू. गरम हायेत.

तो चिखल ओला हाय. ते शेण... आजचं हाय. आणि ते काय हाय मला ठाऊक नाय, पण त्याला पाय हायेत.

...

"शीऽऽ..."

कोण बोल्लं?

"मी नाय काका."

"मी पण नाय. आईशप्पत."

रंजिता?

"तोंड दाबून बसलेय मी!"

तुमी सहा जणं हायेत. सहाच्या सहा माझ्यासमोर. आवाज आला तो आदेशच्या मागनं, आणि आदेशच्या मागं हौदा संपतो.

मागं नको बघू रे आदेश. पुढं बघ, माझ्याकडं.

हे बघ, कोण बोल्लं त्याच्याशी मला काय करायचंय? आवाज तुझ्या बाजूनं आला. अट अट हाय. हा घे ब्रश. ही पाण्याची बाटली. खाचांपर्यंत घास, आणि नाड्या काढून घास.

लवकर. तो थांबलाय.